काळी ती अर्थ

"काकू, ही गाडी चालू असताना आत कुणी संडासला बसलं, तर ते जातं कुठं?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. प्रश्न निलोफरचा होता आणि पैज दीक्षाची. विचारलंस तर तुला कालाखट्टाचे दोन गोळे, नाही विचारलंस तर दहावी संपेपर्यंत तुझं नाव भागूबाई. दोघी मैत्रिणी आमच्या गॅरेजच्या दारातल्या फाटक्या टायरांवर बसल्या होत्या आणि हसू येऊ नये म्हणून ओढण्या तोंडात कोंबून घेतल्या होत्या.

लिमये काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. सदुसष्ट वर्षांची पुण्याची बाई, पायात पुरुषी बूट. मला वाटलं आता शिष्टाचाराचं व्याख्यान होणार.

"गाडी चालू असताना आत कुणीही बसायचं नसतं. संडासला नाही आणि कशालाच नाही," त्या म्हणाल्या. "थांबल्यावर बसलं तर टाकीत जातं. टाकी भरली की रिकामी करायची."

"कोण करतं?"

"आमचे हे."

खुर्चीवर बसलेल्या लिमये काकांनी वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला. टायरांवर दोन ओढण्या एकदम सुटल्या.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आता माझी बारावी संपत आलीय, तेव्हा नववी नुकतीच संपली होती. गडहिंग्लजला आजरा रस्त्यावर आमचं 'मगदूम ऑटो इलेक्ट्रिकल्स' आहे. पुढं पप्पा गाड्यांचं वायरिंग करतात, मागच्या खोलीत आई जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळते. आणि त्या सुट्टीत मी दोघांच्या मधे उभी राहून बोलत असे. काम असं काही नव्हतं, फक्त बोलणं. कारण फेब्रुवारीत तालुक्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. विषय 'सेव्ह मदर अर्थ'. सात मिनिटं मी त्या मदर अर्थवर अशी काही बरसले होते, की परीक्षकांमधल्या एका मॅडमनी रुमाल काढला. आई म्हणते त्यांना सर्दी होती. काही असो, कप आमच्या फ्रिजवर आला आणि माझ्या तोंडाचा ब्रेक तेव्हापासून गेला तो गेलाच.

त्या दिवशी सकाळी काकूंची जीप दारात येऊन थांबली, तेव्हा समोरच्या पंक्चरवाल्या मारुती आण्णांपासून सगळे रस्त्यावर आले. जीपमागं एक पांढरी पेटी होती. दोन चाकं, खिडक्या, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. उसाच्या ट्रॉलीला कुणी आंघोळ घालून लग्नाला उभी करावी, तशी. आत पलंग, शेगडी, इवलासा फ्रिज, आणि अर्थात ते, ज्याबद्दल मी विचारलं. नवरा-बायको नोकऱ्या संपवून ही पेटी घेऊन देश बघायला निघाले होते. आज संध्याकाळी आंबोली घाट उतरून सावंतवाडीला पोचायचं होतं.

आणि महागावच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरनं घात केला होता. जीपपासून पेटीपर्यंत जाणारी जाड केबल लोंबत होती, ती रस्त्यावर घासली, सात पिनांचा प्लग फुटला आणि आतल्या वायरी शेवयांसारख्या बाहेर आल्या.

पप्पा पेटीखाली जाऊन आले आणि कपाळावर ग्रीसचा टिळा घेऊन उभे राहिले.

"ताई, चांगलंच काम निघालंय. मागच्या चाकांत लोहचुंबक आहेत. तुम्ही पुढं ब्रेक मारलासा, की इथनं करंट जातो, चुंबक चिकटतो, मागची चाकं पण थांबतात. आता करंटच जात नाही. घाटात तुम्ही ब्रेक माराल, जीप थांबंल, आणि पेटी काय थांबायची नाही. ती मागनं ढकलत राहणार."

"सासूसारखी," मागच्या खोलीतून आई म्हणाली.

"आणि बॅटरी?" काकांनी विचारलं. "कारण माझं इन्शुलिन त्या फ्रिजमध्ये आहे, आणि फ्रिज त्या पेटीच्या बॅटरीवर."

"जीप चालू असली की त्याच केबलमधनं तिकडची बॅटरी चार्ज व्हायची. ते पण बंद. आजचा दिवस निघंल. उद्याचं काय सांगता येत नाही."

काकू आणि काका एकमेकांकडे बघत राहिले. मग काकूंनी विचारलं, "तुम्हाला जमेल का? खरं सांगा. नाहीतर मी इथूनच पुण्याच्या दुरुस्तीवाल्यांना फोन करते, ते लोक परवा येतील."

"जमंल की. आणि पहिल्या उताराला मी स्वतः तुमच्या गाडीत बसणार."

ही आमच्या गॅरेजची पद्धत आहे, आजोबांपासूनची. ब्रेकच्या कामात ज्यानं हात घातला, त्यानं ती गाडी सामानगडाच्या उतारावरून पहिल्यांदा खाली येताना आत बसायचं. आजोबा म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या जिवाआधी आपला ठेवायचा, म्हणजे स्क्रू नीट आवळले जातात. ते नव्वदाव्या वर्षी झोपेत गेले. यावरून आमच्या ब्रेकचा अंदाज यावा.

काकूंना ते पटलं. त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक कागद काढून दिला. ते चुंबक, ती केबल, सगळं त्यांच्या अमेरिकेतल्या लेकीनं पाठवलेलं, आणि कुठली वायर कशाची ते त्या कागदावर. इंग्रजीत. कागद देऊन काकू पेटीत चहा करायला गेल्या. 'आमच्या घरी आलात, चहा आमचा' म्हणाल्या. घर त्यांचं आमच्या दारात उभं होतं, त्यामुळं कोण कुणाकडं आलंय हे ठरवणं अवघडच होतं.

पप्पांचं इंग्रजी म्हणजे डायनामो, स्टार्टर, कटआउट, फ्यूज. पण हे शब्द इंग्रजी आहेत हे ते मान्य करत नाहीत. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडं धरला.

"शरू, वाच."

"मी वाचतो की!" मी म्हणाले, आणि कागद असा घेतला जणू समोर माईक आहे.

काका हसले. "शर्वरी ना तू? मग 'वाचतो' काय?"

"आमच्याकडं बायका पण करतोच म्हणतात, काका. आई पण म्हणती. करणारं कुणी का असंना, काम झाल्याशी मतलब."

"हे व्याकरण मला आवडलं," काका म्हणाले. ते आयुष्यभर कॉलेजात संस्कृत शिकवत होते.

मी सुरू केलं. यलो, लेफ्ट टर्न. ग्रीन, राइट टर्न. ब्राउन, टेल लाइट. ब्लू, ब्रेक. मी म्हणायची, पप्पा ती वायर नव्या प्लगात बसवून स्क्रू आवळायचे. बापलेकीची जुगलबंदी. निलोफर मोबाइलवर व्हिडिओ काढत होती.

"लाल कुठली?" पप्पांनी विचारलं.

"लाल नाहीच यात."

"लाल नाही? बरं. काळी बघ."

"ब्लॅक, बॅटरी."

"हां. बॅटरीची मायनस. अर्थ कुठं लिहिलाय?"

आता इथं सांगायला पाहिजे. वायरिंगमध्ये एक वायर गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते, करंट परत यायला. तिला जगातले सगळे मिस्त्री 'अर्थ' म्हणतात, निदान गडहिंग्लज ते कोल्हापूर तरी. आणि पप्पांनी त्यांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला, मलासुद्धा, पहिल्या दिवशी एकच मंत्र दिलाय: लाल ती लाईन, काळी ती अर्थ.

मी कागद वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. अर्थ कुठंच नव्हता.

"पप्पा, यात अर्थ नाही."

"अर्थ नाही असं होतंय होय? जगातल्या कुठल्या पण वायरिंगला अर्थ असतोच."

"वा!" काका खुर्चीतून म्हणाले. "चाळीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आलो, मगदूम. पण मला फक्त दुसरा अर्थ कळतो, या बाबतीत माझा उपयोग नाही."

"काळी ती अर्थ," पप्पा स्वतःशीच म्हणाले. "बॅटरीची म्हणालीस न्हवं? मग तीच. आणि ही पांढरी कशाची?"

"व्हाइट, ग्राउंड."

"म्हणजे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. पप्पा, काका, दीक्षा, निलोफरचा मोबाइल. माझ्या डोक्यात ग्राउंड फ्लोअर आला, प्लेग्राउंड आलं, ग्राउंडनट ऑइल आलं. वायर काही आली नाही. तोंड मात्र चालू झालं होतं.

"ग्राउंड म्हणजे जमीन. जमिनीकडची. म्हणजे खालची लाइट, पप्पा! खाली रस्त्यावर पडते ती."

"नंबर प्लेटवरची असणार," पप्पा म्हणाले. पांढरी त्यांनी दिव्यांच्या वायरीबरोबर जोडली. काळी जीपच्या लोखंडाला जाणाऱ्या पिनेत बसवली. स्क्रू नीट आवळले. पेटीची कडी जीपच्या हुकाच्या गोळ्यावर बसलेली आहे ना ते बघितलं आणि प्लग सॉकेटात घातला.

चर्रर्र.

ठिणगी अशी उडाली की मारुती आण्णांचं कुत्रं पळून गेलं. पेटीच्या पोटातून टिक्... टिक्... टिक् असा कटआउट पडून पुन्हा लागल्याचा आवाज यायला लागला, काळ्या वायरीवर फोड आले आणि जळक्या रबराचा वास सुटला. काकू चहाचा ट्रे घेऊन पेटीच्या दारात आल्या आणि "धूर! धूर!" म्हणत ट्रेसकट खाली उतरल्या. चहा मात्र सांडला नाही, हे मला अजून आठवतं. पप्पांनी पक्कड शोधली नाही. नुसत्या हातानं वायर धरून प्लग उपसून काढला.

टिकटिक थांबली. पप्पांनी उजवा हात झटकला. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता.

"काय मगदूम," समोरून मारुती आण्णा ओरडले, "होळी यंदा मे महिन्यात धरलीसा काय?"

आई मागच्या खोलीतून तारेचं भेंडोळं हातात घेऊनच आली. तिनं एक नजर वायरीवर टाकली, एक पप्पांच्या हातावर, आणि काकांना विचारलं, "इन्शुलिन कुठं आहे?" फ्रिजमधला इन्शुलिनचा डबा घेऊन ती गॅरेजमागच्या आमच्या घरात गेली. माझ्या मदर अर्थच्या कपाखाली, इडलीच्या पिठाशेजारी, इन्शुलिन सुखरूप बसलं.

काकूंनी कागद उचलला, प्लग उचलला, चष्मा खाली आणला.

"मगदूम, काळी तुम्ही अर्थला जोडलीत?"

"व्हय."

"अहो, काळी म्हणजे त्या बॅटरीची प्लस! इथं लिहिलंय ना, ब्लॅक बॅटरी, चार्जिंगची. प्लस तुम्ही सरळ लोखंडाला टेकवलीत. आणि पांढरी अर्थ. हे काय, व्हाइट ग्राउंड. अमेरिकेत अर्थला ग्राउंड म्हणतात."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ती धरणी अर्थ असो की ग्राउंड, माझी कशालाच हरकत नव्हती.

मी पप्पांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"माझी चूक, ताई," ते म्हणाले. "काळी दिसली आणि हात आपोआप गेला. तीस वर्षांची सवय."

एवढंच. वाचणारी कोण होती, खालची लाइट कुणी सांगितली, एक शब्द नाही. आणि काकू, ज्यांनी सकाळी पप्पांवर भरवसा टाकला होता, त्या लांब जाऊन मोबाइलमध्ये पुण्याचा नंबर शोधायला लागल्या.

मी त्या क्षणी बोलायला पाहिजे होतं. तालुक्यात पहिली आलेली मी. पण सात मिनिटांचं भाषण करणाऱ्या तोंडातून सात अक्षरं निघाली नाहीत. दीक्षानं माझा दंड धरला आणि आम्ही गोळेवाल्याकडं गेलो.

"कसली डेअरिंग आहे यार तुझी," दीक्षा म्हणाली. "डायरेक्ट संडासचं विचारलंस! माझी तर बोबडीच वळली असती."

"पप्पांच्या हाताला लई भाजलंय काय गं?" निलोफरनं विचारलं. तिनं व्हिडिओ पुसून टाकला होता, मी न सांगता.

मी गोळ्याकडं बघत होते. तो मनगटावरून जांभळा ओघळत होता.

"मला ग्राउंड माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ग्राउंडचा अर्थ. मी ठोकून दिलं. माहीत नाही म्हणायचं होतं, नाहीतर काकूंना हाक मारून विचारायचं होतं. दहा पावलांवर चहा करत होत्या."

"मग विचारलं का नाहीस?" दीक्षा म्हणाली. "संडास विचारलास, आणि हे विचारायला काय झालं?"

"तुम्ही पैज लावली नव्हती ना."

मला वाटलं होतं त्या हसतील. नाही हसल्या. निलोफरनं माझा दुसरा गोळा घेतला आणि मला म्हणाली, "जा."

परत आले तर पप्पा पेटीखाली होते, उजव्या तळव्यावर टूथपेस्ट फासलेली, पक्कड डाव्या हातात. पांढरी आता लोखंडाला गेली होती आणि नवी काळी वायर चार्जिंगच्या पिनेत. आई शेजारी बसून टॉर्च धरत होती आणि त्यांच्या डाव्या हाताच्या कामावर टीका करत होती. "सुईत दोरा ओवायला सांगितलाय जसा." जीप चालू केली. पप्पांनी मीटर बॅटरीला लावला: चार्जिंग येत होतं. मग काकूंना जीपमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि स्वतः पेटीच्या चाकाला कान लावला. मीही दुसऱ्या चाकाला लावला. आतून घूंऽऽ असा बारीक आवाज येत होता, मधमाशी डबीत कोंडल्यासारखा. चुंबक चिकटला होता.

"लागतोय," पप्पा म्हणाले. "सामानगडाला जाऊया, ताई. बघा चालवून."

काकू जीपमधून उतरल्या नाहीत, पण गाडी बंद केली. "मगदूम, राग मानू नका. मघाशी पण तुम्ही असंच म्हणाला होतात. तेव्हा कुणाच्या सवयीनं आग लागली, आता कुणाच्या सवयीनं काय होईल, मला कसं कळणार? पुण्याचे लोक परवा येतो म्हणतायत."

पप्पा हात पुसत राहिले, त्याच भाजलेल्या तळव्यावर, आणि त्यांना दुखतंय हेही त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. आजोबांपासून आमच्या दारातून एकही गाडी काम न पटता माघारी गेलेली नव्हती.

"काकू, ती पप्पांची सवय नव्हती," मी म्हणाले. "त्यांनी मला विचारलं, ग्राउंड म्हणजे काय. मला माहीत नव्हतं. मी थापा मारल्या. खालची लाइट म्हणून सांगितलं."

"खालची लाइट?" काकू म्हणाल्या.

"ग्राउंड फ्लोअरवरनं."

काकांनी तोंडावर हात धरला. काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी मोबाइल मांडीवर उलटा ठेवला आणि पहिल्यांदा पप्पांकडं नीट बघितलं.

"तुम्ही हे बोलला नाहीत."

"पोरगी आहे," पप्पा म्हणाले. "कागद माझ्या हातात होता. स्क्रू मी आवळला."

"शरे, घरात जा," आई म्हणाली.

काकू जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिल्या. मग डॅशबोर्डखालच्या काळ्या डबीवर बोट ठेवलं. "ठीक. एकदा उतरून बघू. पण ही ब्रेकची डबी आहे. माझा पाय कमी पडला तर शेजारच्यानं हा खटका सरकवायचा, मग नुसते मागचे ब्रेक लागतात. खटका उजव्या हातानं सरकवावा लागतो. तुमचा हात तर असा."

पप्पांनी टूथपेस्टचा तळवा मिटून बघितला. मिटला नाही.

"मी बसतो," मी म्हणाले.

"कुठं?" आई.

"जीपमध्ये. पुढं. मी ठरवलंय. सामानगडाच्या उताराला खटका मी धरणार, पप्पा मागच्या सीटवर. ब्रेकच्या कामात ज्यानं हात घातला त्यानं बसायचं. आजोबांचा नियम आहे."

"नियम सांगतीस होय मला?" पप्पा म्हणाले. "हात कुठं घातलास तू? तू नुसतं तोंड घातलंस."

"मग तोंडासकट बसतो," मी म्हणाले, आणि जीपचं दार उघडून आत चढले सुद्धा. "आणि आई, हाक मारू नको, मी उतरणार नाही. काकू, तुम्ही आधी एवढं सांगा, हा खटका डावीकडं सरकवायचा की उजवीकडं. मला माहीत नाही."